दंडाच्या घडीतले ०.८ मिलिमीटर

समजा, एका धावपटूच्या दंडामागची त्वचेची घडी, जिच्यावरून त्वचेखालची चरबी कळते, जूनमध्ये ९.४ मिलिमीटर भरली आणि ऑगस्टमध्ये ८.६. कोच विचारतात, "आहार बदलला, त्याचा फायदा झाला ना?" क्रीडाविज्ञानाची पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी बहुधा "हो" म्हणून मोकळा होतो. आठ-दहा आठवडे नीट इंटर्नशिप केलेला आधी विचारतो, "दोन्ही वेळा मोजलं कुणी?"

हा प्रश्न डोक्यात यायला स्वतःच्या हाताची चूक एकदा आकड्यात पाहावी लागते. वर्गात कॅलिपर, म्हणजे घडीची जाडी मोजणारा चिमटा, हातात येतो तो प्रात्यक्षिकापुरता, चार वर्गमित्रांवर. प्रयोगशाळेत तीच घडी रोज, वेगवेगळ्या अंगकाठीच्या माणसांवर मोजावी लागते.

पद्धत आयसॅक या शरीरमापनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, जगभर तीच. उजवी बाजू. खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपराजवळ रेडियस हाडाचं वरचं टोक बोटांनी चाचपून शोधायचं, दोन्हींच्या मधोमध पेनाने खूण करायची आणि ती आडवी दंडाच्या मागे न्यायची. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने घडी उचलायची, त्याखालचा स्नायू सोडून. कॅलिपर बोटांपासून १ सेंटिमीटरवर, घडीला काटकोनात लावायचा. त्याचा खटका पूर्ण सोडून दाब घडीवर आल्यावर २ सेकंदांनी रीडिंग घ्यायचं. तोवर घडी बोटांतून सुटता कामा नये.

वाचायला सोपं आहे. चुका होतात त्या अशा: खूण सेंटिमीटरभर सरकली की चरबीची जाडी बदलते. कॅलिपर जास्त वेळ धरला की घडी दबत जाते आणि आकडा खाली येतो. सरावानंतर लगेच मोजलं तर त्वचेत रक्त जास्त असतं, अंगाला घाम किंवा तेल असेल तर घडी निसटते. शिवाय दुसरं रीडिंग पहिल्याच्या पाठोपाठ घेतलं की डोळा नकळत आधीचाच आकडा शोधतो. म्हणून शरीरावरच्या सगळ्या जागा एकदा मोजून झाल्यावरच दुसरी फेरी. दोन रीडिंगमध्ये ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर तिसरं घ्यायचं आणि मधला आकडा धरायचा. आकडा लिहायला दुसरा माणूस हवा. त्याने तो मोठ्याने परत म्हणायचा. नवख्या इंटर्नला बहुतेकदा हेच काम मिळतं आणि ते कमीपणाचं वाटतं. खरं तर पाहून शिकायची सगळ्यात चांगली जागा तीच.

आता हिशेब. २० जणांची घडी दोनदा मोजा. प्रत्येकाच्या दोन रीडिंगमधला फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा. तिला ४० ने, म्हणजे माणसांच्या दुपटीने भागा आणि वर्गमूळ काढा. ही तुमची तांत्रिक मापनत्रुटी. बेरीज ६.४ आली तर त्रुटी ०.४ मिलिमीटर. दोन वेळच्या मोजणीतला बदल ९५ टक्के खात्रीने खरा मानायचा तर तो त्रुटीच्या साधारण २.७७ पट हवा. इथे ती मर्यादा १.१ मिलिमीटर येते. धावपटूचे ०.८ तिच्या आत आहेत. आहाराबद्दल त्यातून काहीच म्हणता येत नाही. महिनाभर हात बसल्यावर बेरीज १.६ वर आली तर त्रुटी होते ०.२ आणि मर्यादा साधारण ०.५५. आता तेच ०.८ मिलिमीटर बोलू लागतात.

ही सवय एकदा लागली की इतर उपकरणांकडेही माणूस तसंच बघतो. ट्रेडमिलवर कमाल ऑक्सिजन वापर मोजताना उच्छ्वासातल्या ऑक्सिजनचं प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास असतं, खोलीतल्या हवेत २०.९३. सगळं गणित या चारेक टक्क्यांच्या फरकावर उभं असतं. त्यामुळे ऑक्सिजनच्या सेन्सरमध्ये फक्त ०.१ टक्क्याची चूक राहिली तरी उत्तर सुमारे ३ टक्क्यांनी हलतं. किलोमागे मिनिटाला ६० मिलिलिटरऐवजी ५८ किंवा ६२. म्हणून चाचणीआधी ३ लिटरच्या सिरिंजने हवेचं आकारमान हळू आणि जोरात अशा दोन्ही वेगांनी तपासायचं आणि प्रमाणित वायूच्या सिलिंडरने सेन्सर जुळवायचे. लॅक्टेट (जोरदार श्रमात रक्तात वाढणारा पदार्थ) मोजण्यासाठी बोटाला टोचताना आधी घाम पुसायचा. घामातही लॅक्टेट असतं, रक्तातल्यापेक्षा बरंच जास्त. स्पिरिट पूर्ण वाळू द्यायचं, पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा आणि बोट पिळायचं नाही.

कागदपत्रं हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटतो, पण संशोधन अडतं ते तिथेच. कुस्तीच्या आखाड्यातली मुलं बऱ्याचदा अठराच्या आतली असतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्यांच्या पालकांची संमती लागते, शिवाय खुद्द मुलाचीही: ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. वस्तादांनी "घ्या मोजून" म्हटलं, एवढ्याने भागत नाही.

इंटर्नशिपनंतरच्या वाटा इथूनच फुटतात. वीसवेळा घडी मोजूनही ज्याचं एकविसाव्यांदा कुतूहल टिकतं, तो पीएचडीकडे वळतो. ज्याला रीडिंगपेक्षा कोचशी बोलणं आवडतं, तो संघासोबत काम करतो. आणि दिवसभर एक्सेल भरून वैतागलेल्याला स्ट्रेंथ-कंडिशनिंगचं, म्हणजे खेळाडूंची ताकद आणि तंदुरुस्ती घडवण्याचं, मैदान खुलं असतंच. हे आठ आठवड्यांत कळणं दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटी कळण्यापेक्षा स्वस्त पडतं.

जागा निवडताना प्रयोगशाळेचं नाव पाहण्याआधी तीन गोष्टी विचारा. मला प्रत्यक्ष मोजू देणार की फक्त नोंदी करायच्या? माझी मापनत्रुटी कोण तपासणार? कच्च्या नोंदींचं विश्लेषण करायला मिळेल का? तिन्हींना गुळमुळीत उत्तर आलं तर हाती नुसतं प्रमाणपत्र येईल, असं समजा.

बायोडेटात "स्किनफोल्ड मोजता येतात" असं लिहू नका. "दंडामागची घडी, २० व्यक्ती, मापनत्रुटी ०.२ मिलिमीटर" असं लिहा. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो लगेच विचारेल, "कॅलिपर कुठला होता आणि शेवटचा कधी तपासला होता?" तेही वहीत लिहून ठेवा.