कॅरेक्टर लेव्हल आणि क्लास लेव्हल: लेव्हल अप करताना कोणता आकडा धरायचा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत प्रत्येक पात्राला दोन लेव्हल असतात. कॅरेक्टर लेव्हल म्हणजे पात्राने आजवर मिळवलेल्या सगळ्या लेव्हलची बेरीज, आणि क्लास लेव्हल म्हणजे त्यांपैकी फायटर, विझार्ड, क्लेरिक अशा एकेका क्लासच्या वाट्याला आलेल्या लेव्हल. पात्र पहिल्यापासून विसाव्या लेव्हलपर्यंत एकाच क्लासमध्ये राहिले, तर दोन्ही आकडे कायम सारखे राहतात. त्यामुळे पुष्कळ खेळाडूंना हा फरक वर्षानुवर्षे जाणवतच नाही. मल्टिक्लास केले, म्हणजे एकाच पात्राने दुसराही क्लास घेतला, की मात्र पहिल्याच लेव्हल अपला तो पुढ्यात येऊन उभा राहतो.

नांदेडच्या आमच्या गटात सध्या देवगिरी किल्ल्यावर बेतलेली मोहीम चालू आहे. किल्ल्यातल्या अंधारी या काळोख्या भुयारी वाटेतून गट बाहेर पडला तेव्हा लातूरहून शिकायला आलेल्या एका मुलाच्या फायटरचे अनुभवगुण ६,५०० झाले आणि त्याला पाचवी लेव्हल मिळाली. ती त्याने विझार्डमध्ये घेतली. कॅरेक्टर शीटवर ‘फायटर ४, विझार्ड १’ असे लिहून झाल्यावर त्याने विचारले, “ताई, पाचवी झाली, म्हणजे आता एका पाळीत दोन वार ना?” खेळ चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, “तुझी पाचवी झाली रे, पण फायटरची चौथीच आहे.”

त्या एका लेव्हलने त्याला काय मिळाले आणि काय हुकले, हे नीट पाहण्यासारखे आहे. प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे पात्राला येणाऱ्या कामात फाशाच्या आकड्यात पडणारी भर, कॅरेक्टर लेव्हलवर ठरतो. म्हणून तो +२ वरून +३ झाला आणि त्याचा लाभ तलवारीच्या वारालाही मिळाला. विझार्ड म्हणून त्याने निवडलेला फायर बोल्ट हा कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा साधा मंत्र) पहिल्याच दिवसापासून दोन दहा-बाजूंच्या फाशांची इजा करू लागला, कारण इजा करणाऱ्या कॅन्ट्रिपची ताकद एकूण लेव्हल ५, ११ आणि १७ झाल्यावर वाढते. पुढच्या लेव्हलसाठी लागणारे १४,००० अनुभवगुणही एकूण लेव्हलवरूनच ठरतात. एका पाळीत दुसरा वार देणारा एक्स्ट्रा अटॅक मात्र फायटरच्या पाचव्या क्लास लेव्हलला मिळतो, तेव्हा तो लांबणीवर पडला. आणि या लेव्हलचे हिट पॉइंट्स (पात्र किती इजा सोसू शकते त्याचा आकडा) फायटरच्या दहा-बाजूंच्या फाशाऐवजी विझार्डच्या सहा-बाजूंच्या फाशाने मोजावे लागले.

सर्वांत मोठा फटका बसतो तो ॲबिलिटी स्कोर, म्हणजे ताकद, बुद्धी अशा मूळ गुणांचे आकडे, वाढवण्याच्या संधीला. ही संधी क्लास लेव्हल ४, ८, १२, १६ आणि १९ ला येते. फायटरला ती ६ आणि १४ ला, तर रोग (Rogue) या क्लासला १० ला जास्तीची मिळते. तेव्हा एका स्कोरमध्ये २ किंवा दोन स्कोरमध्ये प्रत्येकी १ वाढवता येतो, किंवा त्याऐवजी फीट, म्हणजे एखादे खास कौशल्य, घेता येते. फायटर ३ आणि विझार्ड ३ असलेल्या पात्राची एकूण लेव्हल ६ होते, पण कोणताही क्लास चौथ्या लेव्हलला पोहोचलेला नसल्याने त्याला ही संधी एकदाही मिळालेली नसते. सरकारी नोकरीत निवृत्तिवेतनाला एकूण सेवा धरतात, पण बढतीला त्या पदावरची सेवा बघतात, तसाच हा हिशेब आहे. म्हणून पहिल्या क्लासची चौथी लेव्हल पूर्ण होण्याआधी दुसऱ्या क्लासकडे वळू नये, आणि लढणाऱ्या पात्राने तर पाचवी घेऊनच वळावे, असे माझे ठाम मत आहे.

हा घोळ पूर्णपणे खेळाडूंच्या माथी मारणेही बरोबर नाही. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत फीट दर तिसऱ्या आणि ॲबिलिटीतली वाढ दर चौथ्या कॅरेक्टर लेव्हलला मिळत असे, मग क्लास कितीही असोत. जुन्या नियमांवर हात बसलेला माणूस पाचव्या आवृत्तीतही तेच गृहीत धरतो.

जादूच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. विझार्ड ३ आणि क्लेरिक २ असे पात्र घेऊ. स्पेल स्लॉट, म्हणजे कोणत्या स्तराचे स्पेल (मंत्र) किती वेळा टाकता येतील तो साठा, मोजताना या दोन्ही क्लासच्या लेव्हल एकत्र धरतात, त्यामुळे त्याला पाचव्या लेव्हलच्या जादूगाराइतके, म्हणजे तिसऱ्या स्तराचे दोन स्लॉटही मिळतात. पण कोणते स्पेल तयार करता येतील, हे प्रत्येक क्लासच्या लेव्हलवरून स्वतंत्रपणे ठरते: विझार्डचे दुसऱ्या स्तरापर्यंतचे आणि क्लेरिकचे फक्त पहिल्या स्तराचे. तिसऱ्या स्तराचा स्लॉट हाताशी असूनही फायरबॉल हा विझार्डचा तिसऱ्या स्तराचा स्पेल टाकता येत नाही, आणि तो आयता स्क्रोलवर (स्पेल लिहिलेल्या गुंडाळीवर) सापडला तरी स्पेलबुकात उतरवून घेता येत नाही. तो स्लॉट वाया मात्र जात नाही. त्यातून मॅजिक मिसाइल हा पहिल्या स्तराचा स्पेल टाकला, तर तीनऐवजी पाच बाण सुटतात.

बाल्डर्स गेट ३ हा याच नियमांवर बेतलेला व्हिडिओ गेम खेळून टेबलाकडे आलेल्यांना हे विशेष खटकते, कारण त्या गेममध्ये विझार्डची एकच लेव्हल घेऊनही वरच्या स्तराचे स्पेल स्क्रोलवरून शिकता येतात. तिथे मल्टिक्लाससाठी किमान स्कोरची अटही नाही. टेबलावर मात्र जुन्या आणि नव्या अशा दोन्ही क्लासच्या मुख्य स्कोरला किमान १३ लागतात.

नियम वाचताना ‘पाचव्या लेव्हलला’ असे आले, की ते वाक्य पुस्तकात कुठे छापले आहे ते पाहावे. क्लासच्या वर्णनात असेल, तर ती त्या क्लासची लेव्हल. कॅन्ट्रिपच्या वर्णनात असेल, तर ती पात्राची एकूण लेव्हल. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे: तिथे फायटर शेवटपर्यंत फायटरच राहतो, विझार्डची विद्या तो आपल्या क्लास फीट खर्चून घेतो, आणि विझार्डच्या फीट निवडताना त्याची निम्मी लेव्हल धरली जाते.