न हरलेली टीम आणि सगळ्यांना हाणलेली टीम, ह्या दोन वेगळ्या गोष्टी हायत भावांनो

परवा कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरनं फुटबॉलची मॅच बघून परत येताना मिरजकर तिकटीला चहाला थांबलो आणि आमच्या एका मित्रानं नेहमीचा विषय काढला, जगातला सगळ्यात खतरनाक लीग सिझन कुठला. उत्तर त्याचंच त्यानं देऊन टाकलं, इंग्लंडची आर्सेनल, 2003-04, आख्ख्या सिझनला एक पण मॅच हरले न्हाईत, विषय संपला. मी म्हटलं विषय आत्ता सुरू झाला मर्दा, बस खाली.

गोची काय होते, तर 'हरले नाहीत' आणि 'सगळ्यात जास्त वरचढ होते' ह्या दोन गोष्टी आपण एकच धरतो. आपल्याकडं तर असं व्हायला नको, कारण निम्मे क्लब तालीम मंडळं आहेत, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, आणि कुस्तीचं खासबाग मैदान तिथनं हाकेवर. एका पैलवानाची वर्षभर पाठ लागली नाही पण त्यातल्या तिसरा हिस्सा कुस्त्या बरोबरीत सुटल्या, आणि दुसरा दोनदा चितपट झाला पण बाकी जवळपास सगळ्यांना अस्मान दाखवलं, तर भारी कोण? आता लगेच उत्तर येत नाही बघा.

आता आकडे घ्या. आर्सेनल 2003-04: 38 मॅच, 26 जिंकल्या, 12 ड्रॉ, हार शून्य, 90 पॉइंट, गोल 73 मारले 26 खाल्ले. मँचेस्टर सिटी 2017-18: 38 मॅच, 32 जिंकल्या, 4 ड्रॉ, 2 हरल्या, 100 पॉइंट, गोल 106 मारले 27 खाल्ले. म्हणजे डिफेन्स जवळपास सारखाच, पण गोल 33 जास्त. दोन नंबरच्या टीमला आर्सेनलनं 11 पॉइंटनं मागं टाकलं, सिटीनं 19 नं.

हिशोब असा लावा की किती पॉइंट घालवले. जिंकलं की तीन मिळतात आणि ड्रॉला एक, म्हणजे ड्रॉ झाली की दोन जातात, हरलं की तीन. आर्सेनलनं बारा ड्रॉमध्ये 24 घालवले, सिटीनं दोन हार आणि चार ड्रॉ मिळून 14. हरल्याचं डोळ्यात भरतं, ड्रॉ गुपचूप निघून जाते, पण टेबलला दोन्हीचा हिशोब लागतोच. आणि जिंकल्यावर तीन पॉइंट ही भानगड इंग्लंडात 1981 पासनं आहे, त्याच्या आधी दोनच मिळायचे, म्हणजे ड्रॉ म्हणजे अर्धा विजय असायचा. त्या काळात न हरणाऱ्याला जास्त भाव होता ते बरोबरच होतं.

आमचा गडी म्हणाला, आरं पण सिटी हरलीच की दोनदा. व्हय हरली, लिव्हरपूलकडनं 4-3 आणि मँचेस्टर युनायटेडकडनं घरच्या ग्राऊंडवर 2-0 पुढं असताना 3-2, ती मॅच मी पण बघितलेली आणि डोक्याला हात लावलेला. पण तुझी आर्सेनल तरी कुठं वाचली, त्याच सिझनला चॅम्पियन्स लीगमधनं (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) चेल्सीनं बाहेर काढलं आणि एफए कपच्या (इंग्लंडची हरला की बाहेर असली स्पर्धा) सेमीला युनायटेडनं. 'अजिंक्य' फक्त लीगपुरतं. शिवाय ह्यानं टीशर्टवर आर्सेनलच्या सलग 49 न हरलेल्या मॅचचं 49 छापून घेतलंय, ते पण त्या एका सिझनचं नव्हंच, आधीच्या सिझनच्या शेवटच्या 2, हा आख्खा सिझन 38 आणि पुढच्या सिझनच्या पहिल्या 9, असं मिळून 49 होतं. त्याला हे माहितीच नव्हतं, चहा थंड झाला बिचाऱ्याचा.

खरा मुद्दा नशिबाचा आहे आणि तो कुणी बोलत नाही. सप्टेंबर 2003, युनायटेडचं ग्राऊंड ओल्ड ट्रॅफर्ड, समोर आर्सेनल, 0-0, इंज्युरी टाइममध्ये युनायटेडला पेनल्टी, व्हॅन निस्टेलरॉयनं मारली आणि बॉल वरच्या बारला लागला. तो बॉल चार बोटं खाली असता तर? आर्सेनलचे 90 चे 89 झाले असते, टायटल तरी 10 पॉइंटनं जिंकलंच असतं, टीम तीच, गोल मारणारा हेन्री तोच, आणि 'इन्व्हिन्सिबल्स' म्हणजे अजिंक्य हे नाव मात्र कायमचं गेलं असतं. न हरल्याबद्दल मिळालेली ती खास सोनेरी ट्रॉफी पण नाही. पॉइंटमध्ये एकाचा फरक आणि इतिहासात एवढा मोठा. न हरणं हे हो किंवा नाही असलं उत्तर असतं, एका बारवर टांगलेलं, वरचढपणा वजनकाट्यासारखा असतो, थोडा कमी थोडा जास्त होतो पण एका शॉटनं शून्य होत नाही.

कागदावर पण बघा. समजा एखादी टीम इतकी भारी की कुठलीही मॅच हरायची शक्यता शंभरात फक्त पाच. मग 38 च्या 38 मॅच न हरता काढायची शक्यता, 0.95 ला स्वतःशी 38 वेळा गुणा, साधारण 14 टक्के येते. म्हणजे तीच टीम सात सिझन खेळली तर एखाद्यात अजिंक्य आणि बाकी सहात कुठंतरी एक दोन हार. (सगळ्या मॅच सारख्या धरल्यात, खऱ्यात तसं नसतं, पण अंदाजाला बास.) शून्य हार आणि दोन हार ह्यातला फरक नशीब सहज करू शकतं, 26 विजय आणि 32 विजय ह्यातला फरक करायला नशिबाला बराच घाम गाळायला लागेल.

आर्सेनलवाले चिडणार, म्हणून क्लब बदलतो. इटलीची युव्हेंटस, दोन सिझन, कोच दोन्ही वेळेला कॉन्टेच. 2011-12 ला एक पण हार नाही, पण 15 ड्रॉ, 84 पॉइंट, मिलान फक्त 4 पॉइंट मागं. 2013-14 ला दोन हार, पण 33 विजय आणि 102 पॉइंट, रोमा 17 नं मागं. ह्यातला कुठला सिझन जास्त खतरनाक हे कुणाला विचारायची गरज आहे का. आणि इटलीतच 1978-79 ला पेरुजा 30 मॅचमध्ये एकदा पण हरली नाही, 11 जिंकल्या 19 ड्रॉ, आणि लीगमध्ये आली दुसरी! चॅम्पियन मिलान तीनदा हरून चॅम्पियन झाली.

बरं मग गोल डिफरन्सच (मारलेले वजा खाल्लेले गोल) बघायचा का, तर तिथं पण जपून. 2019-20 ला लिव्हरपूल 99 पॉइंट घेऊन चॅम्पियन, गोल डिफरन्स 52. दुसरी आलेली सिटी 18 पॉइंट मागं आणि गोल डिफरन्स 67. एखाद्याला आठ शून्यनं हाणलं तरी पॉइंट तीनच मिळतात, आणि लिव्हरपूल एका एका गोलनं मॅच काढत गेली. मला विचाराल तर पॉइंट आधी, दुसऱ्याला किती मागं टाकलं ते नंतर, गोल डिफरन्स तिसरा.

दोन्ही एकत्र जमलंय असं पण आहे. लेव्हरकुझेन 2023-24, जर्मनीत 34 च मॅच असतात, त्यात 28 जिंकल्या 6 ड्रॉ, 90 पॉइंट, म्हणजे मॅचला 2.65, सिटीच्या 2.63 च्या वर. पण त्याच लीगमध्ये बायर्न 2012-13 ला एक मॅच हरून 91 पॉइंट, गोल 98 मारले आणि फक्त 18 खाल्ले, दुसरी टीम 25 नं मागं. ती एक हार कुणाकडनं? लेव्हरकुझेनकडनंच, बायर्नच्या घरच्या ग्राऊंडवर. सेल्टिकचं 2016-17 तर आकड्यात सगळ्यांच्या वर, 34 विजय 4 ड्रॉ 106 पॉइंट, पण स्कॉटलंडच्या लीगमध्ये समोर कोण होतं हे पॉइंट टेबल सांगत नाही, म्हणून मी ते वेगळंच ठेवतो.

एवढं सगळं ऐकून आमचा गडी म्हणाला, ते असूदे, पण आपल्या पेठेची टीम ह्या वर्षी एक पण मॅच हरली नाही तर तू काय म्हणणार? मी म्हटलं गुलाल घेऊन पहिला मीच येणार, ड्रॉ किती झाल्या ते दुसऱ्या दिवशी मोजू.