एकट्याने ट्रॅक्टर उचलायचा तर

2,000 किलोचा ट्रॅक्टर जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर उचलायला किती ऊर्जा लागते? वजन, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की उत्तर येतं साधारण 5,900 ज्यूल. 60 किलोचा माणूस जिन्याने 10 मीटर, म्हणजे जेमतेम तीन मजले चढतो, तेव्हा तोही एवढंच काम करतो. तेव्हा ऊर्जेच्या हिशेबात एकटा माणूस ट्रॅक्टरला अजिबात कमी पडत नाही. त्याचं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

समजा मागचं चाक खोलायचं आहे आणि हाताशी फक्त पहार आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचं साधारण 60 टक्के वजन मागच्या एक्सलवर असतं. 2,000 किलोतले 1,200 मागे गेले, की एका चाकाच्या वाट्याला 600 येतात. (टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर चाक सुटल्यावर तेही सांभाळायचं आहे, हे विसरू नये.) पहार 1.8 मीटर लांब, टोकापासून 15 सेंटिमीटरवर टेकू. हाताकडची बाजू 165, भाराकडची 15, म्हणजे जोर 11 पट. हातावर 45 किलोचा भार टाकला तरी पलीकडे 495 किलोच पोचतात, एक्सल जागचा हलत नाही. आता टेकू फक्त 3 सेंटिमीटर पुढे सरकवा. 168 भागिले 12, म्हणजे 14 पट. तेच 45 किलो आता 630 होतात आणि चाक उठतं. बदल्यात हात 42 सेंटिमीटर खाली गेला तेव्हा एक्सल वर आला तो 3 सेंटिमीटर. तरफ फुकट काही देत नाही.

आणि खरी पंचाईत इथेच सुरू होते. दोन्ही हात पहारीवर आहेत, अंगाचा भार पहारीवर आहे, आणि ठोकळा पडलाय दोन हात लांब. जोडीला कोणी असतं तर त्याने तो सरकवला असता. एकट्याने काम करताना उणीव भासते ती ताकदीची नसतेच. उचललेलं धरून ठेवणाऱ्याची असते. स्नायूंना तर नुसतं धरून ठेवायलाही ऊर्जा खर्चावी लागते. भार एक मिलिमीटरही वर जात नसला तरी हात थरथरायला लागतात. लाकडाच्या ठोकळ्याला असा खर्च नाही.

हा धरून ठेवणारा गडी यंत्रांमध्ये कुठून येतो? घर्षणातून. शाळेत घर्षण म्हणजे ऊर्जेचा अपव्यय असं शिकवतात, पण मळसूत्राच्या जॅकमध्ये तो अपव्ययच कामाला येतो. समजा तुम्ही 100 ज्यूल खर्च केले आणि भारापर्यंत 40 पोचले. उरलेले 60 आट्यांमधल्या घर्षणाने खाल्ले. आता दांडा सोडून द्या. भार खाली यायचा तर त्यालाही वाटेत जवळपास तेवढंच घर्षण ओलांडावं लागणार, आणि त्याच्याकडे आहेत फक्त 40. त्यामुळे तो जागचा हलत नाही. म्हणून साधारण नियम असा, की ज्या यंत्राची कार्यक्षमता निम्म्याहून कमी, ते हात सोडला तरी उलटं फिरत नाही. पाचर ठोकल्यावर जागी राहते तीही याच हिशेबाने.

एकोणिसाव्या शतकात वेस्टन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने प्रसिद्ध झालेली भेदी कप्पी याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण आहे. वर एकाच आसावर दोन चाकं, जवळजवळ सारख्या व्यासाची. एक 20 सेंटिमीटरचं, दुसरं 19 चं. साखळी एकावर गुंडाळली जाते तेव्हा दुसऱ्यावरून सुटते आणि भार वर सरकतो तो फक्त दोघांमधल्या फरकाने. तोही अर्धा, कारण खालची कप्पी दोन साखळ्यांवर लोंबते. जोर 40 पट होतो आणि 1 मीटर उचलायला 40 मीटर साखळी ओढावी लागते. ओढता ओढता दमलात तर सोडून द्या. घर्षण निम्म्याहून जास्त असल्याने भार तिथेच टांगलेला राहतो. आजच्या चेन पुलीत दातेरी चाकं आणि ब्रेक असतात, पण काम तेच.

फ्लोरिडातल्या कोरल कॅसल या दगडी वास्तूची गोष्ट इथे सांगायला हवी. एड लीड्सकालनिन हा जेमतेम 45 किलोचा माणूस 1951 मध्ये मरेपर्यंत कित्येक टनांच्या शिळा एकट्याने रचत राहिला. त्याला गुरुत्वाकर्षणावर मात करण्याचं गुपित सापडलं होतं, असं मानणारे लोक आजही भेटतात. पण त्याच्या कामाचे जुने फोटो आहेत आणि त्यांत लाकडी खांबांचं तिकाटणं आणि चेन पुली दिसते.

हायड्रॉलिक जॅकचं मात्र वेगळं. जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, त्याच तत्त्वावर तो चालतो. तेल लहान दट्ट्याखालून मोठ्या दट्ट्याखाली ढकलायचं, क्षेत्रफळ जितकं मोठं तितका जोर जास्त. त्यात घर्षण फार कमी, म्हणून चालवायला हलका. पण घर्षण कमी म्हणजे धरून ठेवायलाही ते नाही. सगळा भार एका लहानशा झडपेवर आणि रबरी सीलवर. झडपेत कचऱ्याचा एक कण अडकला की दट्ट्या हळूहळू बसू लागतो, आणि सील फुटलं तर हळूहळूसुद्धा नाही. म्हणून जॅकने उचलायचं आणि घोडीवर (पक्क्या स्टँडवर) किंवा ठोकळ्यांवर टेकवायचं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही.

ठोकळे लाकडाचेच हवेत. 10 सेंटिमीटर चौरस तुकडे, दोन आडवे, त्यावर दोन त्यांना काटकोनात, असा चौकोनी ढीग रचला की प्रत्येक थरात चार जागी लाकूड लाकडाला टेकतं. चांगलं लाकूड असेल तर असा ढीग 10 टनांच्या आसपास भार पेलतो. पायाच्या रुंदीपेक्षा फार उंच मात्र नेऊ नये. सिमेंटचा ब्लॉक दिसायला मजबूत, पण तो ठिसूळ असतो आणि काही न सांगता फुटतो. लाकूड आधी चेपतं, करकरतं. एकटं काम करताना ही करकर फार मोलाची.

ढिगाखालची जमीनही बघावी लागते. जॅकचा तळ 10 बाय 12 सेंटिमीटरचा असेल तर 600 किलोचा दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो. मऊ, ओल्या मातीला 1 किलोही जड जातो. खाली 30 बाय 40 ची जाड फळी टाकली की दाब अर्ध्या किलोवर येतो.

आता एक गोष्ट, जी बघून पटत नाही. ट्रॅक्टरला चाकं चार असली तरी तो उभा असतो तीन बिंदूंवर. पुढचा एक्सल मध्यावर एका पिनवर झुलतो, खाचखळग्यांतून चारही चाकं टेकलेली राहावीत म्हणून. त्यामुळे आधाराचा आकार होतो त्रिकोण. दोन कोपरे मागच्या चाकांशी, तिसरा पुढच्या पिनशी. गुरुत्वमध्य या त्रिकोणावर आहे तोवर ठीक. क्लच बदलायला इंजिन आणि गियरबॉक्स वेगळे केले, म्हणजे ट्रॅक्टरचे दोन भाग केले, की पुढच्या भागाकडे नुसती पिनच उरते आणि इंजिन कुठल्याही बाजूला कलंडू शकतं. म्हणून बोल्ट ढिले करण्याआधी पुढच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना, एक्सल आणि चौकट यांच्यामध्ये, लाकडी पाचरी ठोकतात. दोन पाचरींनी ती पिन गोठते.

इंजिन टांगायचं तर साखळीचा कोन सांभाळायचा. 300 किलोचं इंजिन दोन उभ्या साखळ्यांवर टांगलं तर प्रत्येकीवर 150 किलो. साखळ्या पसरून आडव्या रेषेशी 30 अंशांवर आल्या की प्रत्येकीवर 300, आणि 15 अंशांवर 580. वजन तेच, पण साखळी तुटायच्या बेताला.

कधी कधी न उचलणं हाच उत्तम उपाय असतो. शेतात चाक काढायचं, जॅक नाही: एक्सलखाली फळीवर ठोकळे पक्के बसवा आणि टायरखालची माती उकरा. चाक अधांतरी होतं, ट्रॅक्टर एक सेंटिमीटरही हललेला नसतो, पडायला उंचीच नाही. मला ही युक्ती पहारीच्या सगळ्या गणितापेक्षा हुशारीची वाटते. किंवा भक्कम उतरणीवर ट्रॅक्टर त्याच्याच इंजिनने चढवावा आणि मग चाकांना पुढून-मागून दगड लावावेत.

उतरवताना घाई होते, कारण काम झालेलं असतं. सुरुवातीचे 5,900 ज्यूल अजून वरच साठलेले आहेत, आणि 30 सेंटिमीटर पडायला पाव सेकंद लागतो. दचकून हात मागे घ्यायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून भार आधी जॅकवर जेमतेम घ्यायचा, ढिगातला एकच थर काढायचा, उरलेल्या ढिगावर टेकवायचं, मग पुढचा थर. असं केलं तर चुकून जॅक सुटला तरी यंत्र पडून पडून 10 सेंटिमीटर पडेल. आणि थर काढताना तुकडा हाताने ओढायचा नाही, बाहेरून काठीने ढकलायचा.