पेठेतलं दुकानघर (ठाणे)

पेठेतलं दुकानघर म्हणजे खाली दुकान, मागे गोदाम, वर मालकाची माडी आणि पुढे बसायला ओटा असलेली जुनी इमारत. ठाण्यात जांभळी नाका, स्टेशन रोड या बाजूला अशी घरं अजून सापडतात, फक्त मान वर करून बघावं लागतं, कारण खाली सगळे फ्लेक्स आणि एलईडी, कौलं आणि लाकडी कठडा काय तो वरच दिसतो.

सागाचे खांब, जाड भिंती, मंगलोरी कौलं, माळ्यावर जायला दुकानातूनच उभी शिडी, बस. खरी गंमत दाराची. शटर नव्हतं तेव्हा फळ्या असायच्या, उंबऱ्यातल्या आणि वरच्या चौकटीतल्या खाचेत एकेक सरकवत न्यायची, शेवटची बसली की आडवी लोखंडी पट्टी आणि कुलूप. फळ्यांवर नंबर घातलेले, कारण चार नंबरची पाचच्या जागी बसतच नाही, त्यात पावसाळ्यात लाकूड फुगलं की सकाळी पोऱ्याचे हाल.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली. माल आधी खाडीने येत होता, आता स्टेशनवरूनही यायला लागला आणि पेठ स्टेशनच्या दिशेने सरकत गेली. दुकानात भुसार असायचं, धान्य पोत्यात, शेठ गादीवर, मोजायला शेर-पायली. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर हळूहळू किलो आले, तराजू तोच, वजनं नवी.

मग नोकरदार वस्ती वाढली आणि भुसाराचं किराणा झालं, कुठे कापड, कुठे टेलर, फोटो स्टुडिओ, पुढे एसटीडी बूथ, त्याच काऊंटरवर झेरॉक्स, आता मोबाईल रिपेअरिंग. धंदे एवढे बदलले तरी भिंती का टिकल्या, तर माझ्या मते ठाणेकरांच्या वारसाप्रेमापेक्षा भाडेकायद्यामुळे जास्त. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडं गोठलं, मालकाला डागडुजी परवडेना, भाडेकरू जागा सोडेना, आणि पगडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे मोजून, दुकान एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पगडी घेण्यालाही कायदेशीर मान्यता दिली. एका दुकानाचे प्लायवूड घालून तीन गाळे होतात ते यातूनच, मधला खांब कुणाच्या हद्दीत यावर भांडणं वेगळी.

शेवट बहुतेकदा पुनर्विकासात. पालिकेने इमारत सी-१ म्हणजे अतिधोकादायक ठरवली की रिकामी करायची, आणि नव्या टॉवरखाली काचेच्या दाराचा गाळा मिळेपर्यंत वाट बघायची, ओटा मात्र प्लॅनमध्ये कुठेच नसतो.

जिथे अजून पाडलेलं नाही तिथे जुन्या फळ्या माळ्यावर रचलेल्या असतात, नाहीतर त्यांचीच मांडणी करून त्यावर मोबाईल कव्हरं लावतात. उंबऱ्यातली खाचही राहते, त्यातून चार्जरच्या वायरी नेल्या की गिऱ्हाईकाच्या पायात येत नाहीत.