सूट आणि भाव: नाशकात डिजिटल पियानो घेताना

धाकट्या भावाच्या बायकोने दुकानातूनच फोन लावला होता. "ताई, 25 टक्के सोडतायत! पैसे भरून टाकू का?" भाचीच्या ट्रिनिटीच्या (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या) परीक्षेसाठी पियानो घ्यायचा होता आणि घरी सहा महिने तोच विषय होता. मी एवढंच विचारलं, "इंदिरानगरला घरी येऊन, स्टँडवर बसून, पेडलसकट वाजायला लागेपर्यंत एकूण किती होतात?" तिने दुकानदाराला विचारलं आणि म्हणाली, "ते हिशोब करून सांगतो म्हणतायत."

सूट आणि भाव यांची गल्लत इथेच होते. गेली काही वर्षं मी पियानो शिकवते आणि जवळजवळ प्रत्येक पालकाच्या तोंडून आधी टक्केवारी ऐकते, रक्कम नंतर.

सूट मोजतात ती छापील किमतीपासून. बाहेरून आलेल्या पियानोच्या खोक्यावर एक पांढरं स्टिकर असतं. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, कुठल्या देशात बनला ते, महिना-वर्ष आणि सगळे कर धरून असलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, एवढं सगळं असतं. ती कमाल मर्यादा आहे. त्या किमतीला पियानो सहसा कुणी विकतही नाही. दुकानदार आपसात बोलताना 'एमओपी' म्हणतात तो आकडा वेगळा. हा बाजारात प्रत्यक्ष चालणारा भाव, ज्याच्या खाली विक्रेत्याने जाऊ नये अशी कंपनीची अपेक्षा असते. म्हणून एकाच मॉडेलला नाशकातली दोन दुकानं आणि मुंबईत धोबी तलावाचं एखादं दुकान विचारलं, तर आकडे बरेचदा हजार-दोन हजारांच्या फरकाने तिथेच येतात. जी सूट सगळेच देतात ती तुमच्यासाठी सोडलेली नसते. बोलणी तिथून पुढे सुरू होतात.

भाव म्हणजे वाजवायला बसेपर्यंत खिशातून गेलेले सगळे पैसे. आमच्या त्या दिवसाचे आकडे गोल करून सांगते. पियानोची एमआरपी 60,000. पहिल्या दुकानात 25 टक्के सूट, म्हणजे 45,000. त्यावर स्टँडचे 4,500, बाकाचे 3,500, बऱ्या पेडलचे 2,500 आणि टेम्पोचे 800. बेरीज 56,300. दुसऱ्या दुकानात सूट 20 टक्केच, म्हणजे 48,000. पण स्टँड, बाक आणि घरपोच त्यातच, पेडलचे फक्त 2,000 वेगळे. बेरीज 50,000. कमी सूट देणारं दुकान 6,300 रुपयांनी स्वस्त पडलं.

असं होण्याचं कारण आहे. पियानोवर दुकानदाराचे हात कंपनीने बांधलेले असतात. स्टँड, बाक, कव्हर, पेडल यांत मात्र नफा त्याच्या हातातला असतो. त्यामुळे पियानोच्या किमतीवरून अर्धा तास ताणण्यापेक्षा, "काका, भाव तुमचा राहू द्या, पण स्टँड आणि बाक त्यातच घाला," असं म्हटलेलं लवकर लागू पडतं. दुकानदाराचाही मान राहतो.

पेडलबद्दल, म्हणजे सूर लांबवायला पायाने दाबतात त्या कळीबद्दल, जरा थांबून सांगते, कारण 'पेडल फ्री' या शब्दांवर फार जण भुलतात. स्वस्त मॉडेलसोबत बरेचदा जे येतं ते साबणाच्या वडीएवढं चौकोनी प्लास्टिकचं बटण असतं. गुळगुळीत फरशीवर ते पायाबरोबर पुढे सरकत जातं, मूल पाय लांबवत बसतं आणि ताल सुटतो. शिवाय ते चालू आणि बंद, एवढंच ओळखतं. खऱ्या पियानोसारखं अर्धं दाबता येणारं पेडल वेगळं मिळतं. आपलं मॉडेल ते ओळखतं का, हे आधी विचारा. ओळखत असेल तर घासाघीस त्या पेडलासाठी करा.

जीएसटीचा मुद्दा थोडक्यात. वाद्यांवरचा कर नोव्हेंबर 2017 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला. सांगितलेला भाव कर धरून आहे ना, हे विचारून घ्याच. नाहीतर 45,000 वर 8,100 चढून ते 53,100 होतात. एमआरपीच्या वर कर लावताच येत नाही. आणि कुणी "बिल नको असेल तर 18 टक्के वाचतील" म्हणालं तर तो हिशोबही चुकीचा आहे. 59,000 मध्ये मूळ किंमत 50,000 आणि कर 9,000, म्हणजे वाचणार सव्वापंधरा टक्के. त्या बदल्यात वॉरंटीचा दावा करायला हातात कागद उरत नाही. हे मी कुणालाच करू देत नाही.

'नो कॉस्ट ईएमआय' घेणार असाल तर रोखीचा भाव आधी विचारा. बरेचदा रोखीला मिळणारी सवलत हप्त्यांत गायब होते आणि प्रोसेसिंग फी वर पडते.

मोठी सूट खरोखर फायद्याची ठरते ती मॉडेल बदलताना. यामाहाचा पी-45 2015 पासून होता, 2023 मध्ये त्याच्या जागी पी-145 आला. अशा वेळी जुना माल दुकानात अडकतो आणि दुकानदार मनापासून सोडतो. शिकणाऱ्या मुलासाठी जुनं मॉडेल उत्तम चालतं, कारण 88 पट्ट्या आणि हॅमर अ‍ॅक्शन, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या जड लागणाऱ्या पट्ट्यांची रचना, दोन्हींत आहेत. 61 पट्ट्यांच्या कीबोर्डशी मात्र भावाची तुलना करू नका, त्याच्या पट्टीला वजनच नसतं. फक्त खोकं सीलबंद आहे की पियानो काउंटरवर वर्षभर वाजलेला आहे, हे स्पष्ट विचारा. वाजलेला असेल तर प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघा, आणि भाव त्या मानाने उतरलाच पाहिजे.

मुंबईहून आणण्याचा मोह आम्हालाही झाला होता. पण पी-145 सारखा पियानो 11 किलोंचा आणि 1.3 मीटरहून लांब, रिक्षात नीट बसत नाही. कसारा घाट चढून आलेल्या पियानोची एक पट्टी अडली तर परत कोण नेणार? इथल्या दुकानातला मुलगा आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी स्टँडचा स्क्रू आवळायला आला. हाही मी भावातच धरते.

शेवटी भावजयीने दुसऱ्या दुकानात एका कागदावर सगळं लिहून घेतलं: मॉडेल, स्टँड, बाक, पेडल, घरपोच, कर धरून, आणि खाली एकच आकडा. संध्याकाळी टेम्पो दारात आला तेव्हा खोक्यावरचा सिरीयल नंबर तिने बिलाशी ताडून पाहिला आणि मगच खोकं उघडू दिलं. भाची तोवर बाकावर बसून वाट बघत होती.