कार्टून नेटवर्क: सात मिनिटांच्या फिल्मांवर उभी राहिलेली वाहिनी

१ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेत कार्टून नेटवर्क सुरू झालं, तेव्हा या वाहिनीकडे स्वतःचं म्हणावं असं एकही कार्टून नव्हतं. होता तो जुना साठा. वाहिनीचे मालक टेड टर्नर यांनी १९८६ मध्ये एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचा चित्रपटसंग्रह विकत घेतला, त्यात ‘टॉम अँड जेरी’ आले. १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा स्टुडिओ घेतला, त्यासोबत ‘द फ्लिन्टस्टोन्स’ आणि ‘स्कूबी-डू’ आले. दिवसरात्र दाखवायला एवढं भरपूर होतं. भारतात १९९५ मध्ये ही वाहिनी केबलवर आली, दिवसा कार्टून आणि रात्री टर्नर यांच्याच टीएनटी वाहिनीचे इंग्रजी सिनेमे अशी, तेव्हा आपल्याकडच्या मुलांनीही आधी पाहिला तो बहुतांशी हाच जुना माल.

स्वतःचं काही करायचं तर पैसा बेताचा. म्हणून १९९४ मध्ये ‘स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्ट’ आलं. १९६० च्या दशकातल्या एका सुपरहिरो मालिकेतली चित्रं उचलली, त्यांवर नवे संवाद चढवले आणि त्या सुपरहिरोला मुलाखती घ्यायला बसवलं. पाहुणे मात्र हाडामांसाची माणसं. मोठ्यांसाठीचा ‘अ‍ॅडल्ट स्विम’ हा विभाग २००१ मध्ये सुरू झाला, त्याचं मूळ इथे आहे.

खरी कलाटणी मिळाली ती ‘व्हॉट अ कार्टून!’ या उपक्रमाने. एमटीव्हीच्या सुरुवातीच्या काळात तिथे नाव कमावलेले फ्रेड सायबर्ट १९९२ मध्ये हॅना-बार्बेराचे प्रमुख झाले. चित्रपटगृहांत मुख्य सिनेमाआधी छोटी कार्टून लागायची, त्या काळची पद्धत त्यांनी परत आणायची ठरवली. एक चित्रकार, एक कल्पना, साधारण सात मिनिटं. आधी लेखकाने संहिता लिहायची आणि मग चित्रकारांनी ती रंगवायची, हा क्रम त्यांनी मोडला. ज्याची कल्पना त्यानेच स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रसंगांची ओळीने चित्रं, काढायचा, भिंतीवर लावायचा आणि एकेक चित्र दाखवत गोष्ट सांगायची. अशा ४८ फिल्म बनल्या आणि फेब्रुवारी १९९५ पासून त्या दाखवायला सुरुवात झाली. विशीतली पोरं आणि ऐंशी ओलांडलेले, स्टुडिओचे संस्थापक खुद्द विल्यम हॅना यांनी एकाच उपक्रमात फिल्म केल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यातली ‘चेंजेस’ ही फिल्म आजही काढून पाहावी. एक बुटका शास्त्रज्ञ मुलगा, त्याची नाचरी मोठी बहीण आणि माणसाचं जनावर करणारं एक यंत्र. दोघं बटण दाबून एकमेकांना जनावरं बनवत सुटतात, बस्स. पण त्याची अक्कड, तिचा खोडकर निरागसपणा, घरात दडलेली अवाढव्य प्रयोगशाळा, पुढच्या ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’चं सगळं बियाणं त्या सात मिनिटांत आहे. लहानपणी मॉस्कोहून अमेरिकेत आलेले गेंडी टार्टाकोव्हस्की यांनी ती केली. कॅलआर्ट्स या कॅलिफोर्नियातल्या कलासंस्थेत शिकताना त्यांनी या पात्रांवर काम केलं होतं. क्रेग मॅक्रॅकन हेही तिथलेच. त्यांच्या विद्यार्थिदशेतल्या फिल्मचं शिवराळ नाव बदलून ‘द पॉवरपफ गर्ल्स’ झालं.

मग रांगच लागली. १९९६ मध्ये डेक्स्टर, १९९७ मध्ये ‘जॉनी ब्राव्हो’ आणि ‘काऊ अँड चिकन’, १९९८ मध्ये पॉवरपफ, १९९९ मध्ये ‘करेज द कॉवर्डली डॉग’. करेजची मूळ फिल्म तर ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली होती. आपल्याकडे १९९९ पासून हिंदी डबिंग सुरू झालं आणि इंग्रजी न कळणाऱ्या घरांतही ही पात्रं शिरली.

२००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकमध्ये कार्टून नेटवर्क स्टुडिओज स्वतःच्या इमारतीत गेला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘सामुराई जॅक’ची सुरुवात लांबलचक चित्रपटानेच झाली. त्यातला बराच वेळ कोणी बोलतही नाही. वारा, पावलं आणि तलवार यांवर प्रसंग पुढे सरकतो. मुलांच्या वाहिनीवर एवढी शांतता ठेवायला धाडस लागतं.

मोठ्या पडद्यावर मात्र जम बसला नाही. २००२ चा पॉवरपफचा सिनेमा तिकीटबारीवर फारसा चालला नाही आणि त्यानंतर वाहिनीने आपले चित्रपट मुख्यतः टीव्हीसाठीच ठेवले. ‘बेन १०’ (२००५) मात्र जगभर चाललं, खेळण्यांसकट. २००७ मध्ये त्याचा खऱ्या नटांना घेऊन टीव्ही-चित्रपट निघाला आणि २००९ मध्ये तर कार्टून नसलेल्या कार्यक्रमांची मालिकाच आणली गेली. ती लवकरच गुंडाळावी लागली. माझ्या मते वाहिनी स्वतःलाच विसरली तो हा काळ.

त्यातून बाहेर काढलं पुन्हा छोट्या फिल्मनेच. पेंडलटन वॉर्ड यांची ‘अ‍ॅडव्हेंचर टाइम’ ही फिल्म सायबर्ट यांच्याच कंपनीत बनली होती. निकलोडियन या प्रतिस्पर्धी मुलांच्या वाहिनीने मालिका करायला नकार दिला, कार्टून नेटवर्कने होकार दिला आणि २०१० मध्ये मालिका सुरू झाली. तिथे स्टोरीबोर्ड करणाऱ्या रेबेका शुगर यांनी २०१३ मध्ये ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ उभं केलं. २०१९ मध्ये त्याचा संगीतमय टीव्ही-चित्रपटही आला. ‘ओव्हर द गार्डन वॉल’ (२०१४) हीदेखील आधी एक फिल्मच होती. तिचे दहा छोटे भाग म्हणजे या वाहिनीचं सर्वात देखणं काम.

भारतात हाच धागा वेगळ्या तऱ्हेने पुढे गेला. तिरुवनंतपुरमच्या टून्झने केलेली तेनाली रामनची मालिका २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली. २००४ मध्ये कार्टून नेटवर्कच्याच मालक कंपनीने, टर्नरने, पोगो ही मुलांची दुसरी वाहिनी सुरू केली आणि २००८ मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ तिथे अवतरला. त्याचे टीव्ही-चित्रपट तर आलेच, पण २०१२ मध्ये तो चित्रपटगृहातही पोचला.

२०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी ही नवी कंपनी वाहिनीची मालक झाली आणि काही महिन्यांतच ‘इन्फिनिटी ट्रेन’, ‘ओके के.ओ.!’ यांसारख्या मालिका खर्चकपातीत एचबीओ मॅक्स या तिच्या स्ट्रीमिंग सेवेवरून काढल्या गेल्या. वर्षानुवर्षं राबलेल्या चित्रकारांचं काम असं एका फटक्यात दिसेनासं करणं अन्यायाचं होतं. २०२३ मध्ये बरबँकची इमारतही बंद झाली आणि स्टुडिओ वॉर्नरच्या इतर ॲनिमेशन विभागांसोबत एका छताखाली गेला.