विमा खाटेला, फी खिशातून

पाचशे रुपये फी घेणाऱ्या डॉक्टरांकडे दहा लाखांची पॉलिसी असलेला पेशंट आणि काहीच नसलेला पेशंट एकाच बाकावर बसतात आणि दोघेही पाचशेच मोजतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांना हे अजब वाटतं, कारण तिथे साध्या तपासणीचं बिलसुद्धा विमा आहे की नाही आणि कुठला आहे यावर ठरतं. आपल्याकडे विम्याला जाग येते ती पेशंट ॲडमिट झाल्यावर.

खरं तर सुरुवात उलटी झाली होती. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा डॉ. आंबेडकरांकडे होतं. पुढच्या वर्षी अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत कामगार राज्य विमा योजना, म्हणजे सगळे म्हणतात ती ईएसआय, सुरू झाली. १९५४ मध्ये ती नागपूर आणि मुंबईत आली.

या योजनेत खाटेआधी डॉक्टर होता. मुंबईत कामगाराने आपलं नाव एखाद्या पॅनेल डॉक्टरकडे नोंदवायचं. डॉक्टरला नोंदलेल्या माणसामागे ठरावीक रक्कम मिळायची, पेशंट कितीदा आला याच्याशी तिचा संबंध नव्हता. कामगाराला ताप आला, पाठ धरली, रजेसाठी सर्टिफिकेट हवं असलं, तरी खिशात हात घालायची गरज नसे. ईएसआयच्या औषधांना नावं ठेवणारे भरपूर होते आणि ती सगळीच काही उगाच ठेवलेली नव्हती. पण तपासायला जायचं की दुखणं अंगावर काढायचं, हा हिशेब तरी घरात होत नव्हता. मात्र हा विमा नोकरीला बांधलेला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात ज्यांची नोकरी गेली, त्यांचा पगाराबरोबर हा डॉक्टरही गेला.

बाकीच्या मध्यमवर्गासाठी १९८६ मध्ये मेडिक्लेम आलं. ते आणलं सरकारी जनरल इन्शुरन्स कंपन्यांनी. आगीचा, जहाजातल्या मालाचा, वाहनाच्या अपघाताचा विमा उतरवणं हे त्यांचं रोजचं काम. तिथे नुकसान क्वचित होतं, मोठं असतं आणि कागदावर सिद्ध करता येतं. आजारपणही त्यांनी त्याच नजरेने पाहिलं. किमान चोवीस तास ॲडमिट असेल तर ते नुकसान; सर्दी-खोकल्याची दीडशे-दोनशेची चिठ्ठी हा घरखर्च. कंपनीच्या बाजूने यात तथ्य आहे. दोनशे रुपयांच्या क्लेमचे कागद तपासायलाच दोनशे खर्च होतील, आणि गल्लीतला डॉक्टर पावती देतो कुठे?

पुढे विमा नियामकाचा कायदा १९९९ मध्ये झाला, खासगी कंपन्या आल्या, २००१ च्या नियमांनी टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या मध्यस्थ संस्था, आल्या आणि ‘कॅशलेस’, म्हणजे हॉस्पिटलचं बिल कंपनीने परस्पर भरणं, घरोघरी पोचलं. पाया बदलला नाही. आजही पॉलिसी उघडली की दिसतं, ॲडमिट होण्याआधीच्या साधारण तीस दिवसांचा त्याच आजाराचा खर्च मिळतो. म्हणजे डेंग्यूच्या संशयाने सोमवारी दिलेली पाचशेची फी गुरुवारी ॲडमिट झालात तर क्लेममध्ये बसते, गोळ्यांवर बरे झालात तर बसत नाही. ‘डॉक्टर, मेडिक्लेम आहे, ॲडमिटच करून घ्या ना’ ही विनंती यातूनच येते.

आत गेल्यावर डॉक्टरची फी विम्याखाली येते, पण तिथेही खोली मध्ये येते. तोच डॉक्टर, तोच पाच मिनिटांचा राउंड. जनरल वॉर्डात एक दर, स्वतंत्र खोलीत दुसरा. बऱ्याच पॉलिसींत दिवसाच्या खोलीभाड्याला विमारकमेच्या एक टक्क्याची मर्यादा असते. तीन लाखांच्या पॉलिसीवर सहा हजारांची खोली घेतली, तर फक्त भाडं कापून भागत नाही. व्हिजिट आणि ऑपरेशनची फीही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मी, कापली जाते. माझ्या मते हा नियम पॉलिसी विकताना पहिल्या पानावर सांगायला हवा. तो कळतो डिस्चार्जच्या दिवशी.

सरकारी योजनाही याच वाटेने गेल्या. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना, तिचंच पुढचं रूप महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, २०१८ ची आयुष्मान भारत, सगळ्यांचा भर ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि ॲडमिट होऊन घ्यायच्या उपचारांवर. फुटकळ तपासणीचा भार हलका केला तो विम्याने नव्हे: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं.

देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला, असं सरकारचे आकडे सांगतात. उरलेल्यात औषधं आणि ओपीडी, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेले उपचार, हेच मोठं ओझं. कंपन्या आता ओपीडीचं कव्हर जादा प्रीमियम घेऊन देतात, पण वर्षाला मिळणारी रक्कम आणि त्यासाठीचा प्रीमियम शेजारी मांडून पाहावा. अनेकदा फरक थोडाच उरतो.

ईएसआय अजून चालू आहे. २०१७ पासून तिची वेतनमर्यादा २१ हजार आहे आणि २०१९ पासून कामगाराचा हप्ता पाऊण टक्का. वीस हजार पगाराच्या वॉचमनचे महिन्याला दीडशे रुपये कापले जातात आणि त्यात बायकोमुलांसकट तपासणी, औषधं, ॲडमिट होणं, सगळं येतं. बावीस हजारांवर नेमलेला त्याचा सुपरवायझर बाहेर पाचशे मोजतो.